घरात कोण कोण राहतं?

आमच्या ऑफिसात बाईंची म्हणून एक खुर्ची होती आणि तिच्यावर त्यांचा कोट बसायचा. बाई कधी बसल्या नाहीत. मी लंडनच्या त्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, बरीच वर्षं काढली, पण बाई टेकून बसल्यात असं दृश्य मला आठवत नाही. जेवणसुद्धा उभ्याने. पोळीत भाजी गुंडाळायची आणि खिडकीपासून फोटोकॉपियरपर्यंत फेऱ्या मारत खायची. फोनवर बोलताना वायर पोचेल तिथवर चालत जायच्या, आणि वायर संपली की टेबलावरचा फोन धाडकन खाली यायचा. शेवटी आमच्या इंग्लिश मॅनेजरने त्यांच्यासाठी लांब वायर मागवली. त्यानंतर ती वायर आमच्या सगळ्यांच्या पायांत यायला लागली.

साडी, तिच्यावर घोट्यापर्यंत निळा कोट आणि पायात पळायचे बूट असा त्यांचा वेश. नवरा हॉस्पिटलात मोठा डॉक्टर, इल्फर्डला स्वतःचं घर, दोन मुलगे मार्गी लागलेले. या बाईंना नोकरीची गरज काय, तीही लोकांच्या घरोघर जाऊन चौकशा करण्याची, हे कोडं आमच्या मराठी मंडळाला कधी सुटलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "घरात बसून काय करू? भिंती माझ्याकडे बघतात."

काम काय होतं ते सांगतो. ज्याला भाडं झेपत नाही त्याचं भाडं, सगळं किंवा थोडं, सरकार भरतं. त्याला हाउसिंग बेनिफिट म्हणतात. माणूस फॉर्म भरतो, पगाराच्या स्लिपा आणि बँकेचे कागद जोडतो आणि माझ्यासारखे कारकून टेबलावर बसून हिशेब करतात. पण कधी कधी नुसत्या कागदांवर भागत नाही. मग घरी जाऊन बघायला कोणीतरी लागतं. ऐंशीचं दशक संपत आल्यापासून नव्वदीच्या मध्यापर्यंत आमच्याकडे ते कोणीतरी म्हणजे बाई होत्या.

बाईंचा पहिला नियम, कोणाच्याही घरी चहा घ्यायचा नाही. पाणीही नाही. "पाणी प्यायले की मी पाहुणी झाले," त्या म्हणायच्या. "पाहुणीने लोकांची कपाटं उघडायची नसतात." इंग्लिश घरात हे चालून जायचं. आपल्या लोकांच्या घरात मात्र चहाला नाही म्हणणं म्हणजे दारातच भांडण. बायकांची तोंडं पडायची, पुरुष रुसायचे. बाई ढिम्म. त्यांच्या पिशवीत थर्मास असायचा. काम झालं की जिन्यात उभ्या राहून स्वतःचा चहा स्वतः प्यायच्या.

दुसरा नियम, आधी स्वयंपाकघर. एका बाईने फॉर्मवर लिहिलं होतं, मी एकटी राहते. बाईंनी परातीवरचं फडकं उचललं. खाली चांगला मोठा कणकेचा गोळा. "एवढ्या पोळ्या एकटी खातेस?" त्यांनी विचारलं. ती बाई रडायला लागली. नवरा, दीर, सगळे तिथेच राहत होते आणि सगळे कमावते होते. तिचा बेनिफिट बंद झाला. मला त्या दिवशी बाईंचा फार राग आला. खात्यापित्या घरची बाई दुसरीची कणीक मोजते, असं वाटलं, आणि तसं मी बोललोही. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग तू ये पुढच्या वेळी. तू उचल फडकं."

पण मग असंही व्हायचं. एक म्हातारा इंग्लिश शिंपी होता. हक्काचा पैसा त्याने कधी मागितलाच नव्हता. हिवाळ्यात हीटर न लावता ओव्हरकोट घालून बसायचा. शेजाऱ्याकडे चौकशीला गेलेल्या बाईंना हे कळलं तेव्हा त्या त्याच्यावर अशा चिडल्या, की कणीकवालीवरही चिडल्या नसतील. त्याचा फॉर्म त्याच्याच भिंतीला टेकवून, उभ्याने, त्यांनी स्वतः भरला आणि त्याच्याकडून सही घेतली. ऑफिसात येऊन अर्धा तास बडबडत होत्या. "जास्त मागणारा फसवतो तसा कमी मागणाराही फसवतो. दोघंही मला खोटं घर दाखवतात."

खोट्याची त्यांना खरोखरच ॲलर्जी होती. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत बाई मंडळातल्या डॉक्टरांना गाठायच्या. ज्यांनी दुसरं घर घेऊन भाड्याने दिलंय, त्यांना तर हमखास. "तुमचे भाडेकरू किती? खरंच तेवढेच?" लोक मोदक घेऊन दुसऱ्या दाराने सटकायचे. त्यांचा नवरा बिचारा कोपऱ्यात उभा राहून हसायचा. माझी बायको मला सांगायची, "त्यांना घरी जेवायला बोलावू नका हं, त्या आपला फ्रीज उघडतील."

आता दुसऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट. बाई म्हटलं की मला तीच आठवते, आणि आठवली की आजही एका जागी बसवत नाही.

तो दादरचा. साठीच्या दशकात इथे आला, आयुष्यभर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केली, रिटायर झाला. कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याची बायको. पेन्शन बेताचं, म्हणून बेनिफिट मागितला. फॉर्मवर प्रश्न असतो, घरात कोण कोण राहतं? त्याने लिहिलं, मी, पत्नी आणि मुलगा अविनाश. मुलगा नोकरीला.

इथे एक नियम सांगायला हवा. घरात कमावता मुलगा राहत असेल तर तो भाड्याला हातभार लावत असणार, असं सरकार धरून चालतं आणि तेवढी कपात आईबापांच्या बेनिफिटमधून करतं. मुलाच्या पगाराच्या स्लिपा दिल्या तर कपात पगाराच्या मानाने. नाही दिल्या तर सगळ्यात मोठी. म्हाताऱ्याने स्लिपा कधीच दिल्या नाहीत. वर्षभर मोठी कपात होत राहिली, उरलेलं भाडं त्याला भरता येईना, आणि कौन्सिलच्या भाडे विभागाने कोर्टाची नोटीस काढली. घर जाणार होतं. मुलाचा पगार तपासून या, असा शेरा मारून ती फाइल बाईंकडे आली. प्रकरण कोर्टापर्यंत गेलेलं असलं की दोघांनी जायची पद्धत होती, म्हणून मॅनेजरने मलाही पाठवलं.

लिफ्ट बंद. बाई जिना भराभर चढून गेल्या, मी मागून धापा टाकत. दार म्हाताऱ्याने उघडलं. कडक इस्त्रीची पँट, स्वेटरच्या आत टाय. मराठी बाई बघून त्याचा चेहरा खुलला.

"या, या. अगं, चहा टाक."

"चहा नको काका. मुलाच्या पगाराचं बघायला आलेय."

त्याचा चेहरा लगेच मिटला. बाई तोवर आत पोचल्या होत्या. स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, मग दुसरी खोली. पलंगावर स्वच्छ चादर. कपाटात शर्ट, लॉन्ड्रीच्या प्लास्टिकमध्ये तसेच. शाळेत जिंकलेला एक कप. आणि उशीशेजारी बायकांचा चष्मा, विक्सची डबी, एक जपमाळ.

"काकू, इथे तुम्ही झोपता ना?" बाईंनी विचारलं.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे फार घोरतात."

"अविनाश एडिनबराला असतो," म्हातारा मध्येच म्हणाला. "इन्शुरन्स कंपनीत. कामासाठी गेलाय. घर त्याचं हेच."

बाईंना इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिला. त्यांनी टाळीच वाजवली. "अहो काका, मग प्रश्नच मिटला की. तो इथे राहत नाही असं लिहून द्या. कपात गेली, पहिल्या दिवसापासून गेली. कोर्टबिर्ट काही नाही. आत्ता सही करा, मी आजच भाडे विभागाला देते."

"पण तो येणार आहे परत."

"कधी?"

"येईल."

बाईंच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या छोट्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामधून त्या ये-जा करत होत्या. तात्पुरता बाहेरगावी गेलेला आणि परत येणारा मुलगा नियमाने घरातच धरला जातो. तो परत येणार नाही, हे लिहिल्याशिवाय कपात जाणार नव्हती. बाईंनी हे एकदा मराठीत सांगितलं, एकदा इंग्लिशमध्ये. म्हातारा ऐकत होता. त्याला सगळं समजत होतं, ते दिसत होतं.

"बाई, मी इथे आलो तेव्हा आमच्या दादरच्या रेशनकार्डावर माझं नाव होतं," तो म्हणाला. "आईने ते शेवटपर्यंत कमी करू दिलं नाही. ऑफिसातला माणूस यायचा, विचारायचा, आजी, हा तर विलायतेत असतो ना? ती म्हणायची, असू दे. आमच्याकडे नाव कमी केलं ते वडिलांचं. नंतर तिचं स्वतःचं. नाव कमी कोणाचं करतात, तुम्हाला काय मी सांगायला पाहिजे?"

"काका, हे रेशनकार्ड नाहीये."

"फॉर्मवर काय विचारलंय? घरात कोण कोण. मग मी काय लिहायचं होतं, आम्हाला मुलगा नाही?"

यावर बाईंची फेरी मध्येच थांबली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. इंग्लंडात मी फाइलींतून इतकी खोटी घरं पाहिली होती, पण सगळी माणसं लपवणारी. नसलेला माणूस घरात ठेवण्यासाठी घर घालवायला निघालेला हा पहिलाच.

खाली आलो तर कचऱ्याची पिशवी घेऊन काकू मागोमाग जिना उतरल्या. पिशवी तशीच हातात. त्यांनी बाईंच्या हातात ख्रिसमस कार्डाचं एक पाकीट कोंबलं. मागे एडिनबराचा पत्ता होता.

"ह्यांना सांगू नका," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला ह्या वयात घर बदलायला लावू नका हो."

पुढचे दिवस बाई ऑफिसात नुसत्या घुमत होत्या. दोनदा पुन्हा जाऊन आल्या. म्हाताऱ्याने दोन्ही वेळा टाय लावून दार उघडलं आणि दोन्ही वेळा नाही म्हटलं. "इतका हट्टी माणूस," त्या माझ्या टेबलापाशी येऊन म्हणायच्या, पलीकडे जायच्या आणि परत येऊन तेच म्हणायच्या. कोर्टाची तारीख जवळ येत होती. एका शुक्रवारी माझ्या घरी बाईंचा फोन आला.

"उद्या सकाळी किंग्ज क्रॉस स्टेशनवर ये. एडिनबराला जाऊन येऊ. तिकीट मी काढलंय."

"पोस्टाने पाठवू ना कागद."

"पोस्टाने आलेला कागद तो बाजूला ठेवेल. मुलं ठेवतात."

माझी बायको म्हणाली, वेड लागलंय दोघांना. तरी गेलो. ट्रेनमध्ये बाई गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या आणि प्रत्येक फेरीला माझ्याशी दोन वाक्यं बोलत होत्या. एका फेरीला म्हणाल्या, "माझा धाकटा बघ, तिशी आली तरी घरातून हलत नाही. कितीदा म्हटलं, अरे जा बाबा कुठेतरी, आईचा स्वयंपाक खाऊन कंटाळत कसा नाहीस?" पुढच्या फेरीला म्हणाल्या, "आज त्याला सकाळी डबा करून आलेय." आणि हसल्या.

अविनाशने दार उघडलं. पस्तिशीच्या आतला, हसरा, देखणा मुलगा. आतून कोणीतरी इंग्लिशमध्ये विचारलं, कोण आहे? "माझ्या पेरेंट्सच्या कौन्सिलची लोक," तो म्हणाला. "या ना मावशी. चहा घेणार?"

बाईंनी दारातच कागद पुढे केला. मी त्या पत्त्यावर राहत नाही आणि तिथे राहायला परत जाण्याचा माझा विचार नाही, एवढंच होतं त्यावर. अविनाशने ते वाचलं.

"ओ, हे. येस, ऑफ कोर्स. मी तिकडे किती वर्षं राहत नाही. कुठे साइन करायचा?"

दाराच्या चौकटीवर कागद धरून त्याने सही केली. तारीखही घातली. "एवढंच? याच्यासाठी तुम्ही लंडनवरून आला? पोस्ट करायचा ना."

"हो," बाई म्हणाल्या. "करता आलं असतं."

"माझा आई ठीक आहे?"

"बरी आहे. तुझ्या खोलीत झोपते."

"ओह." तो जरा थांबला. "डॅडना सांगा, मी फोन करणार. वर्क खूप बिझी आहे सध्या. ते पैशाचं तर प्रॉब्लेम नाही ना? मी काही पाठवू?"

"आता नाही प्रॉब्लेम," बाई म्हणाल्या.

मला त्या मुलाला वाईट म्हणता येत नाही. त्याने आम्हाला आत बोलावलं, चहा विचारला, पैसे विचारले. दार लागल्यावरही बाई पायरीवर उभ्याच होत्या, मीच त्यांना चला म्हटलं. परतीच्या ट्रेनमध्ये त्यांनी एकही फेरी मारली नाही. दोन डब्यांच्या मधल्या जागेत खिडकीपाशी उभ्या राहिल्या. यॉर्क गेल्यावर मी बघायला गेलो तर म्हणाल्या, "सही करायला त्याने जरा वेळ तरी लावायला हवा होता रे."

सोमवारी काम झालं. मुलाची सही म्हणजे पुरावा. म्हाताऱ्याच्या सहीची गरजच उरली नाही. मी स्वतः हिशेब केला, कपात पहिल्यापासून काढून टाकली, थकलेलं भाडं आपोआप भरलं गेलं, कोर्टातला दावा मागे घेतला. मी खूश होतो. बाईंसाठी कँटीनमधून केक आणला. त्यांनी तो उभ्याने खाल्ला. नियमाप्रमाणे नवं पत्र म्हाताऱ्याला पोस्टाने गेलं. त्यात घरातली माणसं छापलेली असतात. आता दोन होती.

ते पत्र घेऊन तो काउंटरवर आला. ऑफिस बंद व्हायच्या वेळेला, बाहेर अंधारून आलेलं. काउंटरवर मी होतो. त्याच्या गळ्यात टाय होता, पण गाठ वाकडी.

"माझ्या मुलाचं नाव कोणी कमी केलं?"

"काका, बसा आधी. घर राहिलं तुमचं. सगळी बाकी मिटली."

"मी विचारतोय ते सांगा. नाव कोणी कमी केलं? मी सही केलेली नाही. परत घाला ते."

मागे रांगेतली माणसं बघायला लागली. मी फाइल काढली. कागद वरच होता, अविनाशची सही, तारखेसकट. मी काय सांगणार होतो कोणास ठाऊक. तेवढ्यात बाई आल्या आणि त्यांनी उघड्या फाइलवर हात ठेवला.

"त्याने लिहून दिलंय का?" म्हाताऱ्याने बाईंना विचारलं. आता त्याचा आवाज खाली आला होता. "त्याने दिलं असेल तर दाखवा मला. मग मी काही बोलणार नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "मी काढलं. मला त्या खोलीत कोणी राहताना दिसलं नाही, मी तसं लिहिलं."

"त्याला विचारलंत?"

"नाही विचारलं."

बाईंना खोटं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. ऑफिसातल्या कोणीच ऐकलं नसेल. त्यांचा हात फाइलवर तसाच होता.

म्हाताऱ्याच्या अंगात एकदम जोर आला. ताठ उभा राहिला तो. "म्हणजे तुम्ही परस्पर खोडलंत. कौन्सिलच्या खुर्चीत बसलात म्हणून दुसऱ्याच्या पोराचं नाव खोडायचं? त्याला कळलं तर काय वाटेल त्याला? तुम्हाला स्वतःला मूलबाळ आहे की नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या.

काउंटरपलीकडे म्हाताऱ्याने पत्राची घडी केली, खिशात घातली, परत काढली.

"माफ करा," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. असं बोलायला नको होतं मी."

"असू दे काका."

"नाही, नाही. चुकलंच माझं." त्याने बाईंना हात जोडले. "तुम्हाला तरी कसं कळणार मग. तो आला की मी येऊन नाव घालून जाईन. तेव्हा घालाल ना?"

"घालीन," बाई म्हणाल्या.

तो दारापर्यंत गेला, वळून पुन्हा एकदा मान लववली, आणि बाहेर पडला. बाईंनी फाइल बंद करून माझ्या हातात दिली, फोन ओढला आणि घरचा नंबर फिरवला. धाकटा रोज या वेळेला त्यांना न्यायला निघायचा. खाली बसस्टॉपशेजारी गाडी थांबवून आईला दार स्वतः उघडून द्यायचा.

"आज येऊ नकोस रे," त्या म्हणाल्या. "नाही, तसं काही नाही. खाली बसस्टॉपवर एक गृहस्थ उभे आहेत. त्यांची बस गेली की मी येईन चालत."